पाण्याला कसला मेक-अप?

थर्मलच्या लेक्चरला सर म्हणाले, "कूलिंग टॉवरला मेक-अप वॉटर द्यावं लागतं." माझ्या रूममेटने विचारलं, "सर, पाण्याला कसला मेक-अप?" वर्गात हशा पिकला. मीही हसले. कॉन्व्हेंटची ना!

रात्री तिला समजावायला बसले. वाफ होऊन घटलेलं पाणी भरून काढायचं, तो मेक-अप. भांडण मिटवणं, थाप रचणं, मनाशी ठरवणं, हेही 'मेक अप'च. ती म्हणाली, "मग कॉम्पेन्सेट, रिकन्साइल, फॅब्रिकेट, डिसाइड असं सरळ म्हणा की!" चारही जड शब्द तिला पाठ. अडलं ते सोप्या जोडीवर, कारण ती पाठ करून नाही, कानावर पडूनच कळते.

तेवढ्यात ती ओरडली, "अगं, दूध लागलं!" मी विचारलं, "कुणाला?"

भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो. पण बुडाशी करपलेलं दूधही 'लागतं', हे मला विसाव्या वर्षी कळलं! तिने न हसता सांगितलं.

दोस्तांनो, व्हायव्हात, जीडीत कुणी अडखळलं तर हसू नका, अर्थ सांगा. हसण्याच्या भीतीने एकाने जरी विचारणं सोडलं, तर ते नुकसान कशानेच 'मेक अप' होणार नाही.