पसंती पलीकडच्याची

ग्वाल्हेर घराण्याने खुल्या, स्वच्छ आवाजाला मान दिला. त्याच ग्वाल्हेरच्या महाराजबाड्यावर उभा राहून एखादा मराठी गृहस्थ बिनतारी हेडसेटवरून पुण्याच्या आप्तांशी बोलू लागला, तर त्याचा शब्द वाहनांच्या गोंगाटात बुडून जावा, हा विपर्यास नव्हे काय?

आमच्या मते दोष बव्हंशी निवडीचा आहे. गिऱ्हाईक दुकानात गाणे ऐकते आणि हेडसेट पसंत करते. परंतु ब्लूटूथमध्ये गाण्याची वाट निराळी व संभाषणाची निराळी. संभाषणाच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने घेतले जातात. ‘वाइडबँड’ पद्धतीत ते १६ हजार असतात व शब्द अधिक स्पष्ट उमटतात. मात्र फोन आणि हेडसेट या दोहोंतही ती सोय हवी. विक्रेत्यास हे अवश्य विचारावे. तोंडापाशी येणाऱ्या दांडीचा मायक्रोफोन दिसायला ओबडधोबड खरा, पण गोंगाटात तोच सहसा सरस ठरतो.

पैसे मोजण्यापूर्वी दुकानाबाहेर रस्त्यावर यावे, घरी फोन लावावा आणि ‘माझे बोलणे नीट ऐकू येते ना?’ असे विचारावे. पसंतीचा अधिकार पलीकडच्याचा आहे. आणि वाहन हाकताना संभाषण टाळावे, हे उत्तम. हात मोकळे झाले म्हणून चित्त मोकळे होत नाही, याचा विसर सुज्ञांनी पडू देऊ नये.