स्त्रीपणाची तपासणी कुणाकडे सोपवायची?

आयर्लंडमधल्या स्त्रीवाद्यांच्या एका गटाचा आक्षेप असा आहे : २०१५ चा लिंगओळख मान्यता कायदा स्त्रियांना न विचारता, त्यांच्या पाठीमागे झाला. अठरा वर्षांवरच्या कोणालाही आता डॉक्टरच्या दाखल्याशिवाय, शस्त्रक्रियेशिवाय, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर आपली कायदेशीर लिंगओळख बदलून घेता येते. त्यामुळे ‘स्त्री’ या शब्दाला कायद्यात काही अर्थच उरला नाही, आणि स्त्रियांसाठी राखलेल्या जागा, म्हणजे तुरुंग, आश्रयगृहे, खेळ, कोणालाही मोकळ्या झाल्या. हा पूर्वपक्ष मांडणाऱ्या बायका अडाणी नाहीत आणि दुष्टही नाहीत, म्हणून त्यांना मुद्द्याला मुद्दा देऊनच उत्तर दिले पाहिजे. माझ्या मते त्या चुकत आहेत. त्यांची सगळ्यात मोठी चूक ही, की आयरिश स्त्रीचळवळीने स्वतःच्या अंगावर सोसून जे शिकून घेतले, तेच त्या विसरत आहेत.

कायदा गुपचूप झाला, हा पहिला मुद्दा. लिडिया फॉय या दंतवैद्य बाई जन्मदाखल्यात आपली नोंद स्त्री म्हणून व्हावी यासाठी १९९७ मध्ये कोर्टाची पायरी चढल्या. जुलै २००२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनमधल्या तशाच खटल्यात ट्रान्स स्त्रीच्या बाजूने कौल दिला. फॉय पुन्हा उभ्या राहिल्या. २००७ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने आयर्लंडचा कायदा मानवी हक्कांच्या युरोपीय कराराशी विसंगत असल्याचे जाहीर केले. त्या देशातली ही अशी पहिलीच घोषणा. सरकारने अपील केले आणि २०१० मध्ये ते मागे घेतले. मग सल्लागार गट आला, त्याचा २०११ चा अहवाल आला, मसुदे आले, संसदीय समितीसमोर सुनावण्या झाल्या. तरी विधेयक पुढे सरकेना, म्हणून २०१३ मध्ये फॉय यांना परत कोर्टात जावे लागले. एका बाईच्या आयुष्याची अठरा वर्षे ज्यात गेली, त्याला गुपचूप झालेला कायदा म्हणता येत नाही.

यात खरे आहे ते एवढेच, की मूळ विधेयकात उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या निवेदनाची अट होती आणि ती अखेरच्या टप्प्यात निघाली. २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सरकारने स्वघोषणेचे तत्त्व स्वीकारले. वर्तमानपत्रांनी या बदलावर पुरेशी चर्चा केली नाही, ही तक्रार मला मान्य आहे. पण चर्चा कमी झाली म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. तो बरोबर होता का, हे वेगळे तपासावे लागते, आणि तिथेच खरा वाद आहे.

डॉक्टरची अट नेमकी काय मागत होती? माणसाने स्वतःबद्दल सांगितलेले खरे आहे, अशी तिसऱ्याने ग्वाही द्यावी, हे. आता त्याच देशात, त्याच काळात स्त्रियांचे काय चालले होते ते पाहा. बेळगावात वाढलेली सविता हलप्पनवार (तीही दंतवैद्यच होती) ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात वारली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असतानाही, त्याच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत या कारणावरून तिला गर्भपात नाकारला गेला आणि तिच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला. देश हादरला. मग २०१३ मध्ये सरकारने कायदा केला. त्यात गर्भारपणामुळे आत्महत्येचे विचार येणाऱ्या बाईने काय करायचे होते? एका प्रसूतितज्ज्ञाला आणि दोन मानसोपचारतज्ज्ञांना, अशा तिघांना, आपले मन उलगडून दाखवायचे. मला जगणे असह्य झाले आहे, हे तिने सांगून भागत नव्हते. तिघांनी तसे लिहून द्यावे लागत होते. आयरिश स्त्रीवाद्यांनी या तरतुदीला क्रूर म्हटले, आणि योग्यच म्हटले. २५ मे २०१८ ला ६६.४ टक्के मतदारांनी गर्भपाताला अटकाव करणारी घटनेतली आठवी दुरुस्ती रद्द केली. बाईच्या शरीराबद्दल बाईचा शब्द पुरेसा मानायचा, हीच त्या विजयाची पायाभरणी होती. याच पायावर उभे राहून ट्रान्स स्त्रीला ‘तू मात्र डॉक्टरचा कागद आण’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

यावर उत्तर येते, की गर्भपाताने दुसऱ्या कोणाचे काही जात नाही आणि लिंगओळखीच्या स्वघोषणेने इतर स्त्रियांचे जाते. हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. आधी त्या प्रतिज्ञापत्राचे स्वरूप समजून घेऊ. ते वकील किंवा तसा अधिकार असलेल्या व्यक्तीसमोर करायचे असते. आपण उरलेले सगळे आयुष्य या लिंगओळखीत जगण्याचा ठाम निश्चय केला आहे, परिणामांची आपल्याला जाणीव आहे आणि हे आपण स्वेच्छेने करतो आहोत, असे त्यात गांभीर्याने सांगावे लागते. खोटे प्रतिज्ञापत्र करणे हा गुन्हा आहे. बायकांवर हात टाकणाऱ्या पुरुषाला कोणत्याही देशात, कोणत्याही काळात असल्या कागदाची गरज पडलेली नाही. तो घरात असतो, कार्यालयात असतो, आयर्लंडच्या बाबतीत चर्चमध्येही होता.

राहिला तुरुंगाचा मुद्दा. इथे आक्षेप घेणाऱ्या स्त्रिया हवेत बोलत नाहीत. गंभीर गुन्ह्यांतल्या ट्रान्स स्त्री-कैद्यांना लिमरिकच्या तुरुंगात स्त्रियांच्या विभागात ठेवल्यावरून २०१९ पासून वाद उठले. तुरुंगातल्या बाईला दार उघडून निघून जाता येत नाही. तिथल्या कितीतरी जणी आधीच मारहाणीतून आणि अत्याचारातून आलेल्या असतात. त्यांची भीती ही पूर्वग्रह म्हणून झटकून टाकणारा स्त्रीवाद मला मान्य नाही. पण उपाय काय? हिंसेचा इतिहास असलेल्या कैद्याला कुठे ठेवायचे, हे त्या कैद्याचा धोका पाहून ठरवावे, कागदावरची नोंद पाहून ठरवू नये. कायद्यात त्याला जागा नाही म्हणाल तर तेही खरे नाही. प्रमाणपत्र सर्व कारणांसाठी लागू, असे म्हणणाऱ्या याच कायद्याने स्वतःच अपवाद केले आहेत : आई किंवा बाप म्हणून असलेले नाते बदलत नाही, आणि लैंगिक गुन्ह्यातून प्रमाणपत्राच्या आडोशाने सुटता येत नाही. तुरुंगातल्या व्यवस्थेबद्दल असाच एक नेमका अपवाद संसदेला लिहिता आला असता. तो वेळेवर लिहिला नाही, हा सरकारचा हलगर्जीपणा आहे. त्याची शिक्षा शांतपणे नोकरी करणाऱ्या, भाड्याने घर शोधणाऱ्या, जन्मदाखला दाखवताना घाम फुटणाऱ्या माणसांना का?

आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द. जानेवारी २०१८ मध्ये, स्वघोषणेला विरोध करणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांची सभा डब्लिनमध्ये होणार होती. तेव्हा हजाराहून अधिक आयरिश स्त्रीवाद्यांनी एक खुले पत्र काढले : आमच्या वतीने बोलायला येऊ नका, आमच्या चळवळीत ट्रान्स माणसे पहिल्यापासून आहेत. ते पत्र मला आजही पटते, कारण त्यात आम्ही कोण आहोत हे छातीठोकपणे सांगितले होते. नोव्हेंबर २०२० चे पत्र वेगळे होते. अॅम्नेस्टीची आयरिश शाखा आणि इतर संघटनांनी त्यात माध्यमांना आणि राजकारण्यांना आवाहन केले, की द्वेषाची मते मांडणाऱ्यांना प्रातिनिधिक स्थान देऊ नये. नॅशनल विमेन्स कौन्सिलची सहीही त्यावर होती. द्वेष कशाला म्हणायचे हे कोण ठरवणार? शंका विचारणाऱ्या बाईला आणि तिरस्कार पेरणाऱ्या माणसाला एकाच पिशवीत घातले, की शंका विचारणारी बाई पिशवी बांधणाऱ्यापासून कायमची दूर जाते. जिच्याशी वाद घालता आला असता तिला गप्प करण्याचा तो प्रयत्न होता. ज्या देशात बायकांना शतकभर गप्प बसवले गेले, तिथे तर हे कधीच करायला नको होते.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. आयर्लंडच्या वर्षभर आधी, १५ एप्रिल २०१४ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात लिंगओळख ज्याने त्याने स्वतः ठरवावी आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये असे म्हटले. २०१९ च्या कायद्याने मात्र माणसाला जिल्हादंडाधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभे केले आणि स्त्री किंवा पुरुष म्हणून नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. याविरुद्ध आपल्याकडच्या तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी जो आवाज उठवला, तो लिडिया फॉय यांच्या मागणीहून वेगळा नव्हता.

शेवटी, हानी झाली असे म्हणणाऱ्यांना एक तुलना करून पाहता येईल, आणि ती करायला त्यांना फार लांब जावे लागणार नाही. आयर्लंडच्या बेटावर दोन कायदे आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये, डेरी शहरात, ब्रिटनचा २००४ चा कायदा चालतो : लिंगओळखीबद्दलच्या अस्वस्थतेचे वैद्यकीय निदान हवे, दोन वर्षे त्या लिंगओळखीत जगल्याचे पुरावे हवेत, आणि अर्जदाराला कधी न भेटणारे एक मंडळ कागद वाचून निर्णय देते. तिथून मोटारीने तासाभराच्या आत आयर्लंड प्रजासत्ताकातले लेटरकेनी गाव लागते. तिथे २०१५ पासून प्रतिज्ञापत्र पुरते. स्वघोषणेने स्त्रियांचे रोजचे जगणे धोक्यात येत असेल, तर सीमेच्या या दोन बाजूंना बसमध्ये, दवाखान्यात, आश्रयगृहात, पोहण्याच्या तलावावर त्याचा फरक दिसायला हवा. तो ज्यांना दिसतो त्यांनी दाखवावा. आणि तोवर लेटरकेनीच्या बाईला डेरीचा कायदा लावण्याची मागणी करू नये.