सुकेळी, बाटली आणि घरातली कटकट

आगाशीची सुकेळी कुणाला ठाऊक नाहीत? वाळवलेले केळे, गोड आणि चिकट. मोठा माणूस खातो, चूळ भरतो, संपले. तेच तीन वर्षांच्या पोराच्या दातांत अडकून राहते. पण मंडळी, सगळा दोष सुकेळ्यांवर टाकू नका. ती कधीमधी मिळतात. बिस्किटाचा पुडा आणि साखर घातलेली दुधाची बाटली रोजची.

ही बाटली रात्रभर पोराच्या तोंडात का राहते, ते बघा. आई पहाटे भाजी-फुलांच्या पाट्या घेऊन विरारची गाडी गाठणार, बाप कर्जाच्या घोरात नाहीतर पिऊन आलेला, घरात वादावादी. पोर रडले की गप्प करायचे, एवढेच सुचते. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध दातांवर साचते, जंतू त्याचे आम्ल करतात. आधी हिरडीलगत पांढरी रेघ, मग तपकिरी खड्डा. दुधाचे दात पडणारच म्हणून सोडू नका. मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. आणि दाढ दुखणारे पोर रात्री झोपत नाही, घर आणखी चिडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा तपासायची, त्यात दातही आले. अंगणवाडीताई, पथक आले की पोराचा ओठ वर करून दाखवाच. मात्र आईला झापण्याआधी रात्री पोराला निजवते कोण, हे विचारा. आजी निजवत असेल तर तिलाच समजवावे लागेल. साखर बंद, आणि वर्षावरच्या पोराच्या रात्रीच्या बाटलीत हळूहळू नुसते पाणी. झोपण्यापूर्वी तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन मोठ्या माणसाने दात घासून द्यायचे. बाप घरी असेल तर त्याने.