112 दिवसांचा हिशेब

दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्या की पारोळा तालुक्यात दहावी-बारावीच्या घरोघरी भिंतीवर वेळापत्रक लागते. पहाटे पाच ते सात गणित, रात्री आठ ते दहा विज्ञान. आठवड्याभरात पहाटेचे गणित सुटते, मग रात्रीचे विज्ञान, आणि आळशीपणाचा शिक्का मुलावर बसतो. आम्हाला हा दोष मुलाचा वाटत नाही. कागदावर लिहिलेले ते तास त्याच्या मालकीचे कधी नव्हतेच.

दिवस मोजून पाहू. दहावीची परीक्षा 2024 साली 1 मार्चला सुरू झाली. 2025 साली ती 21 फेब्रुवारीला आली आणि बारावीची 11 फेब्रुवारीला. एका वर्षात तयारीचे आठ-दहा दिवस असे कमी झाले. 1 नोव्हेंबरपासून 21 फेब्रुवारीच्या आदल्या दिवसापर्यंत 112 दिवस होतात, म्हणजे नेमके 16 आठवडे. त्यातून पूर्वपरीक्षा, तोंडी परीक्षा, स्नेहसंमेलन, भाऊबंदांतली लग्ने वजा करा. आणि मग कापूस. वेचणीला मजूर मिळत नाहीत, बोंडे फुटून बसलेली असतात, तेव्हा घरातले प्रत्येक माणूस शेतात लागते. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की गव्हा-हरभऱ्याला पाणी भरायला बापाबरोबर मुलगाही जातो. तो दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठणार कसा? मुलीचे तर याहून कठीण. ती दिवसभर वेचणी करते आणि घरी आल्यावर भाकरी, भांडी, धाकटी भावंडे तिचीच वाट पाहत असतात. शेतातल्या कामाला निदान काम म्हणतात. तिचे चुलीपुढचे दोन तास कोणत्याच वेळापत्रकात दिसत नाहीत.

म्हणून नियोजनाची सुरुवात पुस्तकांपासून न करता हाती उरलेल्या दिवसांपासून करावी. याचा एक थोर दाखला खानदेशातलाच आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. पहिले 21 फेब्रुवारीला, शेवटचे 19 जूनला. अठरा अध्याय, अठरा रविवार. मधल्या सहा दिवसांत तुरुंगातली कामे होतीच. दुसरा अध्याय 72 श्लोकांचा आणि अठरावा 78 श्लोकांचा; बारावा नि पंधरावा प्रत्येकी वीसच श्लोकांचे. तरी मोठ्यालाही एक रविवार आणि छोट्यालाही एकच. मोठा अध्याय पुढच्या आठवड्यात सांडला नाही; एका बैठकीत त्यातले काय सांगायचे ते विनोबांनी निवडले. आणि ती प्रवचने ऐकता ऐकता उतरवून घेतली साने गुरुजींनी, ज्यांनी शेजारच्या अमळनेरात शाळा शिकवली होती, छात्रालय सांभाळले होते. आठवड्यातला एकच दिवस, पण ठरलेला आणि न चुकवलेला. त्यातून केवढे पुस्तक उभे राहिले ते मराठी घरांना सांगायला नको.

आमच्या मुलांकडे 16 रविवार आहेत. मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुख्य प्रश्नपत्रिका नऊ: तीन भाषा प्रत्येकी 80 गुणांच्या, बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल प्रत्येकी 40 गुणांच्या. प्रत्येकीला एक रविवार दिला तरी सात शिल्लक राहतात. ते सात भीती वाटणाऱ्या विषयांच्या दुसऱ्या फेरीसाठी ठेवावेत. ही दुसरी फेरी चैन नव्हे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःच्या पाठांतरावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात एकाच दिवशी केलेल्या 68 उजळण्यांइतकेच काम तीन दिवसांत विभागलेल्या 38 उजळण्यांनी झाले होते. कमी वेळ असलेल्या मुलासाठी यापेक्षा मोलाची माहिती आम्हाला ठाऊक नाही. ज्याच्याकडे वेळ भरपूर आहे त्याला एकेक धडा दहादा वाचणे परवडते. वेचणीवरून आलेल्या मुलीला परवडत नाही. तिने रोज संध्याकाळी अर्धा तासच बसावे, पण परवाचे आज पुन्हा काढावे आणि आजचे शनिवारी.

पण अडचण नेमकी रविवारीच आहे. शाळेला सुटी, म्हणून वेचणीला तोच दिवस. तेव्हा हा प्रश्न एकट्या मुलाने सोडवायचा नाही. आई, अप्पा, मोठा भाऊ, सगळ्यांनी एकदा बसून रविवारची दुपार कोणाची हे ठरवावे. सकाळी शेत, बारानंतर पुस्तक, इतके साधे ठरले तरी चालेल. आणि त्या दुपारी मुलीला चुलीपासूनही मोकळीक द्यावी, नाहीतर तिची सुटका फक्त कागदावर राहील. शाळांनी पूर्वपरीक्षेच्या आणि तोंडी परीक्षेच्या तारखा नोव्हेंबरातच सांगितल्या तर घरांनाही वेचणीचे दिवस त्याप्रमाणे आखता येतील.

राहता राहिली फरदड. मुख्य वेचणी आटोपल्यावर पाणी देऊन कापूस आणखी दोन महिने उभा ठेवायचा आणि जानेवारी-फेब्रुवारीत उरलीसुरली बोंडे वेचायची, हा मोह मोठा आहे. फरदडीवर गुलाबी बोंडअळी पोसते आणि पुढच्या हंगामाला पुरते, म्हणून ती घेऊ नका, असे कृषी विभाग शेतकऱ्यांना सांगतो. ती वेचणी पूर्वपरीक्षेच्या नि परीक्षेच्या आठवड्यांवरच येते, ही बाजू मात्र कुणी सांगत नाही. फरदडीचे चार पैसे आम्ही हलके मानत नाही. कर्जाचा हप्ता त्यातूनच जात असेल. तरीही घरात यंदा दहावीचे किंवा बारावीचे मूल असेल, तर डिसेंबर संपताच पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे आणि ती तारीख भिंतीवरच्या वेळापत्रकात बापाने स्वतःच्या हाताने लिहावी.