झुलू इतिहासाचे गोरे साक्षीदार

शाका हे नाव उच्चारताच रक्तपिपासू राक्षसाचे चित्र डोळ्यांपुढे उभे केले जाते. ते रंगविले कोणी, याची चौकशी मात्र फारशी होत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील झुलूंचा हा राजा १८२८ साली आपल्याच भावांच्या हातून मारला गेला. त्याच्या दरबारात वावरलेल्यांची म्हणून जी वृत्ते प्रमाण मानली गेली, ती मुख्यतः दोघा इंग्रज व्यापाऱ्यांची आहेत. हेन्री फ्रान्सिस फिन १८२४ साली पोर्ट नाताळास आला. नॅथॅनिएल आयझॅक्स पुढल्याच वर्षी. दोघांना हस्तिदंताचा व्यापार हवा होता, जमीन हवी होती आणि तिच्या रक्षणास ब्रिटिश सत्ता हवी होती. देवस्थानच्या जमिनीचा तंटा उभा राहिला असता, त्याच जमिनीवर डोळा असलेल्याची साक्ष पंच कशी तोलतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

१८३२ साली आयझॅक्सने फिनला लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. शाका व त्याच्यामागून गादीवर आलेला डिंगान यांना होता होईल तो रक्तपिपासू दाखवावे, मारलेल्यांची संख्याही द्यावी, म्हणजे ग्रंथ फुगेल व रंजक होईल, असा उपदेश त्यात आहे. आयझॅक्सचा स्वतःचा ग्रंथ १८३६ साली निघाला. फिनची तथाकथित 'डायरी' १९५० साली छापली गेली. परंतु ती रोजनिशी नव्हे. मूळ टिपणे हरवल्यावर आठवणीने लिहिलेल्या कागदांची ती संपादकांनी घातलेली जुळणी आहे. राजमाता नांदीच्या मृत्यूनंतर, १८२७ साली, सात हजार माणसे मारली गेली, हा फिनचा आकडा तरीही ग्रंथांतून फिरत राहिला. ती मोजली कोणी?

फिन झुलू भाषा जाणत होता, असे कोणी म्हणेल. ते खरे, पण भाषा जाणणे म्हणजे निःस्वार्थ असणे नव्हे.

शाकास साधुपुरुष ठरविण्याचा आमचा हेतू नाही. जेम्स स्टुअर्ट या वसाहती अधिकाऱ्याने पुढे अनेक झुलू वृद्धांच्या जबान्या टिपून घेतल्या. १९७६ पासून त्यांचे खंड निघू लागले. त्यांत शाकाच्या पराक्रमाबरोबर त्याच्या क्रौर्याच्याही कथा आहेत. त्याही पारखूनच घ्याव्यात. आमचे म्हणणे एवढेच की, झुलूंचा इतिहास लिहिताना झुलूंची साक्ष आधी ऐकावी, आणि व्यापाऱ्याचा आकडा उतरून घेताना त्याचा स्वार्थही शेजारी नोंदवावा.