मुख्यमंत्र्यांना खुले पत्र: या मुलांनी तक्रार कुठे करायची?

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,


मी भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमध्ये राहतो. आपण राज्य सरकारचे प्रमुख आहात आणि गृहखातेही आपल्याकडेच आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

आमच्या ओळखीतला एक मुलगा नववीत शाळा सोडून घरी बसला. वर्गात, रिक्षात, मोबाइलच्या ग्रुपवर त्याला रोज ‘बायल्या’, ‘छक्का’ म्हणत. मधल्या सुट्टीत मारत. आई शाळेत तक्रार घेऊन गेली, तर ‘मुलाला जरा मुलासारखं वागायला शिकवा’ असे ऐकून परत आली. मारणाऱ्यांना कुणी जाब विचारला नाही.

हाच मुलगा कॉलेजात असता, तर त्याच्या हातात नियम होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ स्पष्ट शब्दांत घातला. शाळेतल्या मुलासाठी तेच शब्द आपल्या शिक्षण खात्याच्या कोणत्या परिपत्रकात आहेत? 2022 साली शाळांमध्ये सखी-सावित्री समित्या नेमण्याचा आदेश निघाला. समलिंगी मुलामुलींचा छळ कसा ओळखायचा, हे त्या समित्यांना कुणी शिकवले? नोव्हेंबर 2023मध्ये उज्जैनच्या सोळा वर्षांच्या मुलाने साडी नेसून केलेल्या रीलखाली शिव्यांचा पाऊस पडला आणि त्याने जीव दिला. ती बातमी आपणही वाचली असणार. मग महाराष्ट्रातल्या शाळांना आपण काय कळवले?

आता पोलिसांविषयी. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगितले. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती नरिमन यांनी सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, या विषयाचे ठरावीक काळाने प्रशिक्षण द्या असे बजावले. आमचे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय 2020 साली, म्हणजे निकालानंतर, सुरू झाले. तिथल्या किती ठाण्यांत असे प्रशिक्षण झाले? डेटिंग ॲपवरून समलिंगी तरुणांशी ओळख काढायची, भेटायला बोलवायचे, मारहाण करून व्हिडिओ काढायचा आणि ‘घरी पाठवू’ म्हणत पैसे उकळायचे, ही टोळ्यांची पद्धत पोलिसांना चांगली ठाऊक आहे. तरुण तक्रारीला येत नाहीत, कारण ठाण्यात पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलासच कशाला?’ हा येईल अशी त्यांना धास्ती असते. ही धास्ती घालवणे हे पोलिसांचे काम आहे, त्या मुलांचे नाही.

आणि सर्वांत गंभीर बाब. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पुरुषावर पुरुषाने केलेल्या बळजबरीला लागू होणारे भारतीय दंड संहितेतले जुने कलम 377 तिच्यात नाही आणि त्याच्या जागी काहीही नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत मुलाला पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षण आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याच तरुणावर पुरुषाने बलात्कार केला, तर ठाणे अंमलदाराने बलात्काराचे कोणते कलम लावायचे? आपण स्वतः वकिलीचे शिक्षण घेतले आहे. ही पोकळी आपल्या नजरेतून सुटलेली नसणार. राज्य सरकारने याबाबत केंद्राला एखादे तरी पत्र लिहिले आहे का? लिहिले असेल तर ते जाहीर करावे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी शिक्षण खात्याचे परिपत्रक निघावे, त्यात ‘लैंगिक कल’ हे शब्द असावेत आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रशिक्षणाची तारीख फलकावर लागावी. वरच्या प्रत्येक प्रश्नाचे लेखी उत्तर आपण द्यावे, ही विनंती.

आपला,
जेसल पार्क, भाईंदर (पूर्व) येथील एक नागरिक