फुकटच्या मुक्कामाचे बिल

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत जगभरातील असंख्य हॉटेलांना कुलपे लागली होती. विमाने जमिनीवर होती आणि ज्या थोड्या खोल्या उघड्या होत्या त्यांत उतरायला माणूस नव्हता. याच काळात हिल्टन कंपनीने अमेरिकन एक्स्प्रेसशी १ अब्ज डॉलरचा सौदा केला. त्यापाठोपाठ मॅरियटने अमेरिकन एक्स्प्रेस आणि जेपी मॉर्गन चेस या दोघांकडून मिळून ९२ कोटी डॉलर उभे केले. हे कर्ज नव्हते आणि भागभांडवलही नव्हते. हॉटेलांचे जे 'पॉइंट' बँका आपल्या कार्डधारकांना वाटतात, त्यांची ही प्रामुख्याने आगाऊ खरेदी होती. पाहुण्यावाचून ज्या धंद्यात पैसा येऊ शकतो तो धंदा केवळ खोल्या भाड्याने देण्याचा राहिलेला नाही, हे त्या दोन महिन्यांनी उघड केले.

मूळ कल्पना साधी होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाला चिमूटभर जास्त घालावे, ही कोणत्याही वाण्याची रीत. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी मैलांचे खाते उघडले आणि दोन वर्षांत, १९८३ मध्ये, हॉलिडे इन व मॅरियट या हॉटेल कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. हिल्टनची योजना १९८७ मधली. प्रारंभी तिचा रोख फिरतीवरच्या नोकरदारांवर होता. बिल भरायचे मालकाच्या कंपनीने आणि बक्षीस मिळायचे नोकराला, असा तो व्यवहार. त्यात नैतिकदृष्ट्या खोट होती. पण निदान बक्षिसाचा संबंध हॉटेलातील मुक्कामाशी होता. सिटीबँकेने १९८७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे कार्ड काढले आणि हा संबंध सुटू लागला. पुढे हॉटेलांनीही तोच मार्ग धरला. आज संयुक्त नावाचे कार्ड बाळगणारा गृहस्थ वर्षभरात एकदाही त्या हॉटेलाची पायरी न चढता, पेट्रोल, किराणा आणि मुलांच्या शाळेची फी यांच्या जोरावर त्याचा 'निष्ठावंत' ठरू शकतो. निष्ठा या शब्दाची इतकी स्वस्ताई क्वचितच झाली असेल!

या व्यवहाराचे यंत्र कसे चालते ते पाहण्याजोगे आहे. ग्राहकाने दुकानात १०० रुपयांसाठी कार्ड दिले की दुकानदाराच्या हाती साधारणतः ९८ रुपये पडतात. उरलेल्या रकमेचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्यातून बँक हॉटेल कंपनीकडून पॉइंट विकत घेते आणि ग्राहकाच्या खात्यावर जमा करते. १८९६ साली स्पेरी अँड हचिन्सन या अमेरिकी कंपनीने हिरव्या तिकिटांचा जो उद्योग आरंभला, त्याचेच हे सुधारलेले रूप होय. तेव्हा दुकानदार तिकिटे विकत घेऊन गिऱ्हाइकाला देई, गिऱ्हाईक ती वहीत चिकटवी आणि वह्या भरल्या की भांडी-दिवे घरी नेई. फरक इतकाच, की तिकिटे घ्यावीत की नाही हे तेव्हा दुकानदाराला ठरवता येत असे. कार्ड नाकारणे मात्र आज बहुतेक मोठ्या दुकानांना परवडत नाही.

हॉटेल कंपनीच्या बाजूला तर याहून मौज आहे. मॅरियट काय किंवा हिल्टन काय, ज्या हजारो इमारतींवर त्यांच्या पाट्या आहेत त्यांतील बहुतेक त्यांच्या मालकीच्या नाहीत. मालक निराळा, नाव आणि व्यवस्था यांचे. पॉइंट खर्च करून कोणी मुक्काम केला की कंपनी आपल्या निधीतून त्या मालकाला भरपाई देते. हॉटेल भरलेले असेल तर ती नेहमीच्या भाड्याच्या जवळपास, रिकामे असेल तर बरीच कमी. बँकेकडून पैसे आज आले आणि मालकाला द्यायचे दोन-तीन वर्षांनी. मधल्या काळात ती रक्कम कंपनीच्या हाताशी बिनव्याजी राहते. २०२३ अखेर मॅरियटच्या ताळेबंदात या योजनेपोटीचे देणे सुमारे ७ अब्ज डॉलर होते आणि योजनेचे सदस्य जगभरात २० कोटींच्या जवळपास होते. शिवाय काही पॉइंट कधीच वापरले जात नाहीत. विसरलेल्या, मुदत संपलेल्या आणि मेलेल्या माणसांच्या खात्यांतील हा ठेवा अखेर उत्पन्नात जमा होतो.

आता किमतीचा प्रश्न. अमुक वर्गाच्या हॉटेलाला अमुक पॉइंट, असा तक्ता पूर्वी छापलेला असे. हिल्टनने तो २०१७ मध्ये काढून टाकला, मॅरियटने २०२२ मध्ये. आता त्या रात्रीची मागणी पाहून किंमत ठरते, म्हणजे कंपनी ठरवील ती किंमत. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा देशात केवढे वादळ उठले होते! येथे नोटा छापणारा, त्या जिथे चालतात त्या दुकानाचा चालक आणि तिथले भाव ठरवणारा एकच आहे. अवमूल्यन मात्र एका ई-पत्राने उरकते, कधी तेवढ्याचीही गरज भासत नाही. भारतात २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियटच्या नावाचे कार्ड काढले तेव्हा त्याची वार्षिक फी ३,००० रुपये अधिक कर अशी होती आणि तिच्या बदल्यात १५,००० पॉइंटांपर्यंतची एक रात्र देऊ केली होती. कुपनावरचा आकडा स्थिर आणि खोलीची किंमत चंचल. ज्या खोलीवर डोळा ठेवून फी भरली ती सुटीच्या दिवसांत १५,००० च्या वर गेली, तर ग्राहकाने तक्रार कोणाकडे करावी?

यावर उत्तर ठरलेले असते: ही फुकटची भेट आहे, कोणावर सक्ती नाही. ज्यांना गणित जमते, जे दर महिन्याला पूर्ण बिल चुकते करतात, त्यांना या योजनांतून खरोखरीचा लाभ होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जी वस्तू बँक रोख मोजून विकत घेते आणि जिच्यासाठी ग्राहक वार्षिक फी भरतो, तिला भेट म्हणता येत नाही. आणि खर्च कोणीतरी सोसतोच. दुकानदार रोखीचा आणि कार्डाचा असे दोन भाव सहसा लावत नाही. कार्डाचे शुल्क तो सर्वांच्या भावात मिसळतो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये काढलेला अंदाज असा, की रोखीने व्यवहार करणारे अमेरिकी कुटुंब सरासरी वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना देते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाच्या पदरी १,१३३ डॉलर पडतात. कार्डधारकांमध्येही जो थकबाकीवर व्याज भरत राहतो, त्याच्या व्याजावर दुसऱ्याच्या बक्षिसाचा भार असतो. भारतात हे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. पंचतारांकित हॉटेलातील न्याहारीत अशा कोणाचा वाटा आहे, हे न्याहारी करणाऱ्याला अर्थातच दिसत नाही.

युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावरील इंटरचेंज शुल्काला ०.३ टक्क्याची मर्यादा घातली आणि तेथील बक्षिसे आटली. अमेरिकेने २०१० च्या कायद्यात मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांपुरता हात घातला, क्रेडिट कार्डे मोकळी सोडली. पॉइंटांची खैरात तिथे सर्वाधिक आहे ती यामुळेच. भारताची स्थिती थोडी निराळी. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर दुकानदाराला शुल्क नाही, त्यामुळे भाजीवाल्याच्या गिऱ्हाइकावर हा बोजा फारसा येत नाही. मॉल, उपाहारगृहे आणि खासगी रुग्णालये यांतून मात्र तो वाढत जाणार, कारण प्रवासाची कार्डे मध्यमवर्गात झपाट्याने शिरत आहेत.

शुल्कमर्यादेचा वाद मोठा आहे आणि तो लगेच सुटणारा नाही. त्याआधी करण्याजोगी गोष्ट लहान आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कार्डाचे आकार बदलताना किमान एक महिन्याची पूर्वसूचना देण्याचे बंधन घातले. तोच नियम पॉइंटांच्या मोलाला लावावा. फी भरताना जी रात्र कबूल केली तिची मर्यादा त्या वर्षापुरती तरी खोलीच्या वाढत्या भावाबरोबर वाढावी, आणि आधी कमावलेले पॉइंट जुन्या दराने खर्च करण्यास ठरावीक अवधी मिळावा. हॉटेल कंपनी परदेशी आहे, ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, ही सबब टिकणारी नाही. कराराला दोन पक्ष असतात आणि त्यांतील बँक हा पक्ष मुंबईच्याच परवान्यावर चालतो.